शेतीस जोडधंदा असणारांनीं कराच्या बाबतींत टाळावयाच्या चुका

“शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं” हें वाक्य आपल्या गांवोगांवीं इतकें सर्वांच्या तोंडीं झालें आहे कीं, शेतकऱ्याच्या कोणत्याच उत्पन्नावर कर नाहीं, असा त्याचा अर्थ पुष्कळांनीं करून घेतला आहे. आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें तालुका कचेरींत महसुली कारकुनी केली. त्या अनुभवावरून सांगतों कीं, कर बुडवावा या बुद्धीनें अडचणींत आलेला शेतकरी क्वचित्. अज्ञानानें व आळसानें अडचणींत आलेले मात्र पुष्कळ.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतों. त्यांची बारा एकर बागायत, गोठ्यांत दहा म्हशी, आणि गांवांत खतें-बियाण्यांचें दुकान. तिन्हींचा हिशेब एकाच वहींत व पैसा एकाच बँकखात्यांत. पुढें आयकराची नोटीस आली तेव्हां “हें सर्व शेतीचेंच” असें त्यांनीं कळविलें. अधिकाऱ्यानें सात-बारा मागितला. त्यांत जमीन मयत आजोबांच्या नांवें, व ज्या दोन गटांत प्रत्यक्ष ऊस व हळद उभी राहिली होती, ते पीकपाहणीस पड लागलेले! दुधाचें व दुकानाचें उत्पन्न तर करपात्र ठरलेंच. परंतु जें खरोखर शेतीचें होतें, त्यांतीलही बराच भाग त्यांस सिद्ध करतां आला नाहीं. कर, व्याज व दंड भरण्यासाठीं निम्म्या म्हशी विकाव्या लागल्या. हे गृहस्थ दरसाल उतारा नेण्यास आमच्याच टेबलाशीं येत. त्यावरील ‘पड’ हा शब्द आमच्या डोळ्यांखालून जात असे, पण “अहो, हें काय?” असें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. ती टोंचणी मनांत आहे म्हणूनच हा लेख लिहावयास बसलों.

मूळ तत्त्व

या देशांत आयकर प्रथम १८६० सालीं बसला, तेव्हां शेतीचें उत्पन्न त्यांतून सुटलें नव्हतें. १८८६ च्या कायद्यानें तें वगळलें, व पुढें राज्यघटनेनें शेती-उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. म्हणून केंद्राच्या आयकरांतून तें मुक्त आहे. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्यानें १ एप्रिल २०२६ पासून घेण्याचें ठरलें. त्यांत कलमांचे क्रमांक बदलले, पण हें तत्त्व कायम आहे.

मग शेतीचें उत्पन्न म्हणजे काय? राजा बिनयकुमार सहस राय यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं याचा निर्णय दिला. जमिनीची नांगरणी, मशागत, पेरणी, लागवड अशीं मूळ कामें जमिनीवर माणसाच्या श्रमानें झालीं पाहिजेत. खुरपणी, राखण, कापणी हीं पुढचीं कामें त्यांस जोडून असलीं म्हणजे तींही शेतींतच येतात. ही कसोटी ध्यानांत ठेविली कीं निम्मे घोंटाळे आपोआप मिटतात.

पहिली चूक : जोडधंदा शेतींत मोडणें

म्हैस आपली, वैरण आपल्या रानांतली. तरी दूध जमिनींतून उगवत नाहीं. दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन यांचें उत्पन्न धंद्याचें. शेजाऱ्याची तूर घेऊन भाव चढल्यावर विकली, तर तो व्यापार. सावकारीचें व्याज, मग ऋणको शेतकरी कां असेना, शेतीचें नव्हे. याच्या उलट, रोपवाटिकेंतील रोपांचें उत्पन्न २००८ च्या सुधारणेपासून शेतीचेंच मानलें जातें.

आपलाच माल आपल्याच कारखान्यांत गेला तर? बाजारांत नेण्याजोगा करण्यासाठीं शेतकरी सामान्यतः जी क्रिया करतो, उदाहरणार्थ मळणी, वाळवणी, ती शेतींतच. त्यापुढील क्रिया धंद्याची. समजा, आपल्या भुईमुगाच्या शेंगा आपण आपल्या घाण्यावर गाळल्या. त्या शेंगांची त्या वर्षींच्या सरासरी बाजारभावानें किंमत १,००,००० रुपये. तेल व पेंड विकून आले १,४०,००० रुपये. गाळणी, डबे व मजुरी यांस लागले १५,००० रुपये. तर १,४०,००० मधून १,००,००० व १५,००० वजा जातां राहिलेले २५,००० रुपये हा घाण्याचा नफा व तोच करपात्र. १,००,००० रुपये हें शेतीचें येणें. त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावयाचा. मात्र बाजारभावाचा पुरावा, म्हणजे बाजार समितीची भावपट्टी, जपून ठेविलेली नसेल तर हा हिशेब कोण मानील?

दुसरी चूक : खर्चाची सरमिसळ

शेताचें खत, औषधें व सालगड्याचा पगार दुकानाच्या वहींत घालून दुकानाचा नफा कमी दाखविणें, ही खोड सर्वत्र आढळते. जें उत्पन्न करमुक्त, त्याचा खर्चही करपात्र उत्पन्नांतून वजा होत नाहीं. तसेंच शेतींत तोटा आला म्हणून तो दुकानाच्या नफ्यांतून कापतां येत नाहीं. विजेचें बिल किंवा ट्रॅक्टरचें डिझेल दोहोंकडे लागत असेल, तर वांटणीचें प्रमाण वर्षारंभींच ठरवून वहींत लिहून ठेवावें.

तिसरी चूक : शेतीचें उत्पन्न विवरणपत्रांत न दाखविणें

“ज्यावर कर नाहीं तें लिहावें कशास?” असें पुष्कळजण विचारतात. १९७३ सालापासून नियम असा आहे कीं, धंद्याचें उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल व शेतीचें निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर दर ठरविण्यापुरती दोहोंची बेरीज होते. जिन्याच्या खालच्या पायऱ्या शेतीच्या उत्पन्नानें अडविल्या म्हणजे धंद्याच्या उत्पन्नास वरच्या पायरीवर उभें रहावें लागतें व त्यास वरचा दर पडतो. शेतीवर कर बसत नाहीं, हें खरेंच. पण तें दडविल्यास धंद्यावरील कर कमी भरल्याचा दोष येतो. शिवाय उद्यां शेतीच्या पैशानें घर बांधलें तर पैसा कोठून आला, याचें उत्तर कागदावर रहात नाहीं.

चवथी चूक : रोखीचे व्यवहार

२०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचें कर्ज किंवा उसनवार रोखीनें घेऊं नये. फेडही रोखीनें करूं नये. मोडल्यास तितक्याच रकमेचा दंड होऊं शकतो. देणारा व घेणारा या दोघांचेंही उत्पन्न शेतीचें असून दोघांसही करपात्र उत्पन्न नसेल, तर रोखीनें कर्ज घेण्यास सूट आहे. परंतु दुकान चालून आपण करपात्र झालों कीं ती सूट गेली, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं व मेव्हण्याकडून लाखभर रुपये पिशवींतून आणले जातात. एका व्यक्तीकडून एका दिवसांत, किंवा एकाच व्यवहारापोटीं, दोन लाख किंवा अधिक रुपये रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. धंद्याच्या खर्चापोटीं एका इसमास एका दिवसांत १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः मान्य होत नाहीं. शेतकऱ्यास त्याच्या मालाचे पैसे देणें हा अपवाद.

पांचवी चूक : अंदाजी नफा व वस्तु-सेवा कर यांविषयीं गैरसमज

लहान व्यापाऱ्यास उलाढालीच्या ८ टक्के, व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून विवरण देण्याची सवलत आहे. उलाढालीची मर्यादा २ कोटी, व रोखीची आवक ५ टक्क्यांपलीकडे नसेल तर ३ कोटी. मात्र दलाली, अडत किंवा एजन्सीचें कमिशन मिळविणारास ही सवलत नाहीं. सवलत घेणारानें संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरावयाचा असतो.

वस्तु-सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. स्वतःच्या देखरेखीखालीं जमीन कसून निघालेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यास त्याची नोंदणी लागत नाहीं. पण दुकानास ही सूट नाहीं. केवळ वस्तु विकणारास महाराष्ट्रांत वार्षिक उलाढाल ४० लाखांपलीकडे गेली कीं नोंदणी करावी लागते. आणि नोंदणी नसतां बिलावर कर म्हणून पैसे घेणें हा तर उघड अपराध.

सहावी चूक : गांवदप्तराची हयगय

हा आमच्या खात्याचा विषय, म्हणून आग्रहानें सांगतों. नमुना सात मालकी दाखवितो, नमुना बारा पीक दाखवितो. आयकर अधिकाऱ्यापुढें शेतकऱ्याचे पहिले साक्षीदार हेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत शेतकऱ्यानें मोबाईलवरून स्वतः पीक नोंदविण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली. आतां “तलाठ्यानें पड लाविली” अशी तक्रार करण्यास जागा उरली नाहीं. वडील वारले कीं वारसांची नोंद करवून फेरफार मंजूर झाल्याची खात्री करावी. जमीन एकत्र कुटुंबाची व दुकान एकट्या मुलाचें असेल, तर उत्पन्न कोणाचें कोणतें हें आधींच ठरवून ठेवावें. विक्रीच्या हिशेबपट्ट्या व खतांचीं बिलें वर्षवार बांधून ठेवावीं.

दिवाळीच्या पाडव्यास वही पुजण्याची आपली चाल आहे. ती अवश्य चालवावी. परंतु कराचें वर्ष १ एप्रिलास सुरू होतें, त्या दिवशीं दोन कोऱ्या वह्या घ्याव्या, एक शेताची व एक धंद्याची, आणि बँकेंत खातींही दोन ठेवावीं. शेताचा पैसा दुकानांत घातला तर दोन्ही वह्यांत नोंद करावी. रोज रात्रीं दिव्यापाशीं पाव तास बसलें म्हणजे हें काम उरकतें.

वर सांगितलेल्या गृहस्थांनीं आतां तसें चालविलें आहे. आजोबांच्या नांवची जमीन वारसांवर चढली, व गेल्या हंगामांत त्यांनीं आपल्या हातानें हळदीची नोंद करून तो उतारा आम्हांस मुद्दाम आणून दाखविला. विकलेल्या म्हशी मात्र परत आल्या नाहींत. आपल्या वाचकांपैकीं ज्यांचा उतारा कित्येक वर्षें पेटींत पडून आहे, त्यांनीं तो आजच काढून त्यावर काय लिहिलें आहे तें एकवार वाचावें, एवढीच आमची विनंति.