७३ आणि ९४४ यांच्या मधले माहीम

सारखा पाऊस पडणारी ठिकाणे जोडणाऱ्या समपर्जन्य रेषांचे वेड मला शाळेच्या भूगोलापासून आहे. घाटमाथ्यावर त्या रेषा एकमेकींना खेटून असतात आणि देशावर उतरल्या की विरळ होतात, हे पाठ्यपुस्तकात सगळ्यांनीच पाहिले आहे. पण तशीच दाटी मुंबईच्या पोटात, एकाच दिवसात होऊ शकते, हे २६ जुलै २००५ ने दाखवले.

आकडे अनेकांना तोंडपाठ आहेत. २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर, कुलाब्याला ७३.४. दोन वेधशाळांत अंतर सुमारे २४ किलोमीटर, आणि त्यांच्या मध्ये माहीम. मग माहीमला पाऊस पडला तरी किती?

दोन्हींची सरासरी येते ५०८.८. हा आकडा ना कुलाब्याचा, ना सांताक्रूझचा. त्यापेक्षा नकाशावर पट्टी ठेवावी. पाऊस कुलाब्यापासून सारखा वाढत गेला असे धरले, तर दर किलोमीटरला ३६ मिलिमीटरची भर पडते. शंभर-शंभरच्या रेषा पावणेतीन किलोमीटरला एक अशा येतात आणि सहाशेची रेषा माहीमच्या आसपास पडते. नकाशा देखणा होतो, पण त्याचा सगळा भार त्या ‘सारखा वाढत गेला’वर आहे. ढग असे हिशोबाने बरसत नाहीत. मध्ये पर्जन्यमापक नसेल तर ती रेषा म्हणजे निव्वळ अंदाज.

खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीला हे पक्के ठाऊक होते. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, याच्या समान मूल्याच्या रेषा त्याने १७०१ साली अटलांटिकच्या नकाशावर छापल्या. पुढे जगाचा नकाशा केला, तेव्हा भरवशाच्या नोंदी नव्हत्या म्हणून पॅसिफिकमध्ये त्याने रेषा ओढल्याच नाहीत. त्याच्या ओढलेल्या रेषांइतकाच तो कोरा समुद्र मला मोलाचा वाटतो.

माहीमचे दुखणे आणखी एक. विहार-पवईकडून निघालेली मिठी नदी इथल्याच खाडीत उतरते, त्यामुळे वरच्या भागातला पाऊसही माहीमच्याच दारात येतो. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, एवढेच गृहीत धरून आखलेली. त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, त्यात भरती. पाणी जाणार कुठे?

२००६ मध्ये शहरात ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर. दर १५ मिनिटांनी नोंद होऊ लागली. त्या महापुरानंतर झालेले हे सर्वांत शहाणपणाचे काम, असे माझे स्पष्ट मत आहे. आता रेषा अंदाजाने नव्हे, नोंदींवरून ओढता येते.

तरीही बातम्यांत आजही बहुतेकदा कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोनच आकडे ऐकू येतात. वर्तमानपत्रांना माझी विनंती आहे: पावसाळ्यात रोज या सगळ्या केंद्रांच्या नोंदींवरून काढलेला मुंबईचा समपर्जन्य नकाशा छापा, आणि जिथे नोंद नसेल तो भाग कोरा ठेवा.