मोटारीस नवे टायर घेतांना

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें विज्ञानाचा तास संपल्यावर मला गांठलें व विचारलें, “सर, आमच्या घरीं तीन दिवस वाद चालला आहे. गाडीचे टायर बदलावयाचे आहेत. बाबांना मोठीं चाकें व रुंद टायर हवेत. दुकानदार म्हणतो, जाड नक्षीचे घ्या. आणि आई म्हणते, सध्यां दोनच घेऊं. खरें कोणाचें?”

मुलाच्या वडिलांची मोटार मीं पाहिली होती. हल्लीं जिला एसयूव्ही म्हणतात तशी ती उंच बैठकीची आहे. परंतु वेगाचा व चपळाईचा डौल मिरविणारी, जाहिरातींच्या भाषेंत ‘स्पोर्टी’. वर्षभर ती कसारा घाटांतून नाशिकास येजा करते, आणि सुटींत आजी-आजोबांसह सर्व कुटुंब तींतूनच समृद्धी महामार्गानें नागपुरास जावयाचें होतें. तेव्हां प्रश्न केवळ शोभेचा नव्हता. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर वडील मुलास नेण्यास आले, त्या वेळीं आम्हीं तिघांनीं फाटकाजवळच गाडीची परीक्षा केली. पुष्कळ पालकांच्या घरीं आतां अशा मोटारी आहेत, म्हणून तेथें झालेलें बोलणें येथें थोडें विस्तारानें देतों.

प्रथम भूमितीच्या पेटींतील पट्टी काढून टायरच्या खांचांची खोली मोजली. नव्या टायरची खांच सुमारें सात ते आठ मिलिमीटर खोल असते. या गाडीच्या पुढील चाकांची खोली मध्यें तीन मिलिमीटर व कडांस जेमतेम दोन भरली. खांचांच्या तळाशीं रबराचे लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली असें समजावें. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें मोटारीसाठीं हीच शेवटची मर्यादा होय. पावसाळ्याच्या दृष्टीनें मात्र तीन मिलिमीटरांवरच टायर बदलण्याचा विचार सुरू करणें शहाणपणाचें, कारण पाणी बाहेर फेंकण्याची शक्ति त्यापूर्वींच बरीच क्षीण झालेली असते. शिवाय झीज कोठें झाली आहे हेंही पाहावें. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. मध्यभाग झिजला असेल तर हवा अधिक भरली. एकच बाजू झिजली असेल तर चाकांचें अलाइनमेंट बिघडलें आहे. या गाडींत हवा कित्येक महिने कमीच असावी, हें वडिलांनीं किंचित् ओशाळून मान्य केलें.

येथें विद्यार्थ्यांसाठीं एक हिशेब देतों. माणसांसह ही गाडी सुमारें २००० किलो वजनाची धरूं. म्हणजे एका चाकावर ५०० किलो. टायरमध्यें दर चौरस इंचास ३६ पौंड दाब आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें अडीच किलो. भागाकार केला असतां उत्तर सुमारें २०० चौरस सेंटिमीटर येतें. एवढ्याच जागेंत एक चाक रस्त्यास टेकलेलें असतें. दीड पोस्टकार्डाहून तिचा विस्तार फारसा अधिक नाहीं. धांवणें, वळणें, थांबणें, सर्व कांहीं अशा चार तुकड्यांवर अवलंबून असतें. ब्रेक चाकास थांबवितो. गाडीस थांबवितो तो टायर.

या तुकड्याखालीं पाणी शिरलें म्हणजे काय होतें? खांचांना पाणी बाहेर टाकण्यास अवकाश न मिळाल्यास टायर पाण्यावर तरंगूं लागतो, आणि त्या क्षणीं सुकाणूं व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेंतील नासा या संस्थेनें १९६० च्या दशकांत विमानांच्या चाकांवर प्रयोग करून या वेगाचें एक सोपें सूत्र बसविलें. दाबाच्या आंकड्याचें वर्गमूळ काढून त्यास सुमारें १६.७ नें गुणावें. तासाचा वेग किलोमीटरांत मिळतो. ३६ पौंड दाबास वर्गमूळ सहा, म्हणून वेग सुमारें १००. दाब २५ वर उतरला तर वर्गमूळ पांच, आणि वेग सुमारें ८३. हें सूत्र पाण्याची खोली खांचांहून अधिक असतांनाचें आहे व मोटारीच्या टायरला तें ढोबळ मानानेंच लागूं पडतें. तरी कमी हवा व उथळ खांचा यांची जोडी किती घातक, हें त्यावरून कळावें.

आतां टायरच्या बाजूवर कोरलेली लिपी वाचूं. या गाडीवर २३५/६० आर १८ १०३ व्ही असें होतें. रुंदी २३५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, म्हणजे १४१ मिलिमीटर. आणि रिमचा व्यास १८ इंच. ‘आर’ हें रेडियल बांधणीचें चिन्ह. टायरच्या अंगांतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे घालण्याची ही रीत फ्रान्समधील मिशेलिन कंपनीनें १९४६ मध्यें पुढें आणली. (हवेनें भरलेला टायर व्यवहारांत रूढ झाला तो मात्र बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यामुळें, १८८८ मध्यें त्यानें तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं केला होता.) १०३ हा भाराचा अंक, म्हणजे एका टायरनें ८७५ किलो वाहावे. चाकावर ५०० किलो असतां एवढी शक्ति कशास, असें मुलानें विचारलें. गाडी जोरानें वळली किंवा अकस्मात् थांबली असतां भार एका बाजूस अथवा पुढें झुकतो, आणि उंच गाडींत तो अधिकच झुकतो. म्हणून कंपनीनें दिलेल्या अंकाहून कमी अंकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. ‘व्ही’ हें वेगाचें अक्षर, मर्यादा तासास २४० किलोमीटर. एवढ्या वेगानें जाण्याचा कोणाचाही विचार नसावा. पण तें अक्षर टायर उष्णता किती सोसतो याचीही साक्ष देतें, म्हणून त्याहून खालचें अक्षरही पतकरूं नये.

या माहितीनंतर घरांतील तिन्ही मतें पारखणें सोपें झालें.

वडिलांच्या मनांत २० इंची रिम व त्यावर २५५/४५ चा टायर होता. मुलानें वहींत गणित केलें: जुन्या चाकाचा एकूण व्यास ७३९ मिलिमीटर, नव्याचा सुमारें ७३७. व्यास जवळजवळ तोच राहतो, म्हणून वेगदर्शक यंत्र फसत नाहीं, हा दुकानदाराचा मुद्दा खराच. परंतु भिंतीची उंची १४१ वरून ११५ मिलिमीटरांवर येते. ही भिंत खड्ड्याचा धक्का गिळते. ती २६ मिलिमीटरांनीं खुजी झाली, तर तोच धक्का रिमला, पाठोपाठ आजोबांच्या कंबरेला पोहोंचतो. रुंद टायर अधिक पकड धरतो, हें कोरड्या वळणांवर बऱ्याच अंशीं खरें आहे. पण वजन व दाब तेच असल्यामुळें रस्त्यास टेकणारी जागा फारशी वाढत नाहीं. तिचा आकार मात्र आडवा व आंखूड होतो, आणि पाणी कापीत जाण्यास असा आकार प्रतिकूल असतो. जुलै महिन्यांत घाट चढणाऱ्यानें हा सौदा करूं नये, असें माझें स्पष्ट मत पडलें. वडील हंसून म्हणाले, “गाडी दिसते मात्र फार छान!” तें मी नाकारीत नाहीं.

दुकानदाराचे जाड नक्षीचे टायर म्हणजे चिखल, दगड व डांबरी रस्ता अशा सर्व प्रकारच्या वाटांसाठीं केलेले. ज्यांच्या शेताची वाट काळ्या मातींतून जाते व पावसाळ्यांत चार महिने चिकट चिखलानें भरते, त्यांनीं ते अवश्य घ्यावे. तेथें गुळगुळीत नक्षीचा टायर जागच्या जागीं फिरत राहतो. पण ज्यांची गाडी बहुतेक डांबर व काँक्रीट यांवरच धांवते, त्यांस या टायरचा आवाज सोसावा लागतो, इंधन अधिक लागतें, आणि ओल्या डांबरावर गाडी थांबण्यास सामान्यतः अंतर अधिक लागतें. कारण मोठमोठ्या ठोकळ्यांमुळें रस्त्यास लागणारें रबर कमी असतें. बर्फासाठींचे टायर आपल्याकडे निरुपयोगीच. त्यांवर तीन शिखरें व हिमकण यांचें चित्र असतें, आणि त्यांचें रबर थंडींतही मऊ राहील असें केलेलें असतें. आपल्या उन्हाळ्यांत तें भराभर झिजेल. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतांत मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च या काळांत असे टायर कायद्यानेंच लावावे लागतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा खर्च चुकत नाहीं.

आईचें मत काटकसरीचें होतें व त्यांत तथ्यही होतें, कारण मागील टायर अजून चार मिलिमीटरांचे होते. दोनच टायर घेणें चालते, परंतु ते कोठें लावावे यांत बहुतेक लोक चुकतात. गाडीचें इंजिन पुढील चाकें फिरवितें, म्हणून नवे टायर पुढें लावावे असें सहज वाटतें. वस्तुतः ते मागें लावावे. ओल्या रस्त्यावर पुढील चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊं पाहते. चालकास तें जाणवतें, आणि पाय उचलला असतां गाडी पुष्कळदां सांवरते. मागील चाकांची पकड सुटली तर गाडीचें पुच्छच फिरतें, आणि सामान्य चालकास सांवरण्यास वेळ मिळत नाहीं. पूर्वीं एका पावसाळ्यांत आमच्या नात्यांतील एकांची गाडी अशीच गरकन् फिरून उलट्या तोंडानें उभी राहिली. पुढील टायर आठवड्यापूर्वींच बसविलेले होते, मागील अगदीं गुळगुळीत. सुदैवानें समोरून कोणी येत नव्हतें. ज्यांच्या गाडीचीं चारही चाकें इंजिन फिरवितें, त्यांनीं तर एकाच जातीचे व जवळजवळ सारख्याच झिजेचे चार टायर ठेवावे. नाहींतर चाकांच्या घेरांतील फरकामुळें मधल्या यंत्रणेवर सतत ताण पडतो, व टायरवर वाचविलेला पैसा तिच्या दुरुस्तींत जातो.

या गाडीच्या बाबतींत चारही बदलावे असें ठरलें, आणि त्याचें कारण नागपूरचा प्रवास. मुंबई व नागपूर यांस जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें खुला होत जून २०२५ मध्यें पुरा झाला. २०२३ मध्यें परिवहन खात्यानें तेथें गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीमही घेतली होती. घाटांत वेग कमी असतो. येथें मात्र तासन् तास एकाच वेगानें काँक्रीटवरून धांवावयाचें. या टायरचा घेर सुमारें २.३ मीटर, म्हणजे एका किलोमीटरांत सुमारें ४३० फेरे, आणि सबंध मार्गांत तीन लाखांहून अधिक. प्रत्येक फेऱ्यांत भिंत एकदां दबते व एकदां सरळ होते, आणि त्या दबण्यांतून उष्णता निर्माण होते. हवा कमी असेल तर दबणें अधिक, म्हणून उष्णताही अधिक. आंतील थर एकमेकांपासून सुटूं लागतात आणि शेवटीं टायर फुटतो. कमी हवेवर महिनोन्‌महिने चाललेले मागील टायर बाहेरून बरे दिसले, तरी त्यांच्या आंत काय झालें आहे हें पट्टीनें मोजतां येत नाहीं.

दुकानांत गेल्यावर काय पाहावें? प्रथम जन्मतारीख. बाजूवर चार आंकडे लंबगोलांत कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. रबर न वापरतांही म्हातारें होतें. पांच वर्षांनंतर दर वर्षीं तज्ज्ञाकडून तपासणी करावी, आणि दहा वर्षांपलीकडे नक्षी शाबूत असली तरी टायर ठेवूं नये. आय.एस.आय. ची खूण पाहावी. कित्येक टायरांवर अमेरिकन पद्धतीचा ट्रेडवेअर हा आंकडाही असतो. तो मोठा तितका टायर अधिक टिकावा असा संकेत आहे, पण तो ज्या त्या कारखान्यानेंच ठरविलेला असल्यामुळें दोन कंपन्यांचे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहण्यांत अर्थ नाहीं. त्याच ओळींत ट्रॅक्शन या शब्दापुढें ओल्या रस्त्यावर थांबण्याची प्रत असते: डबल ए सर्वांत वरची, मग ए, बी व सी. दोन टायरांत निवड करतांना मी आधीं ही प्रत पाहीन व आयुष्याचा आंकडा मागाहून. नायट्रोजन भरावा कीं नाहीं, यावर दुकानांत फार वेळ जातो. साध्या हवेंतच शेंकडा ७८ नायट्रोजन असतो. दर पंधरा दिवसांनीं दाब मोजणाऱ्यास उरलेल्याची विशेष गरज नाहीं.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर दाबाची पाटी असते. तो दाब थंड टायरचा समजावा. लांबच्या प्रवासांत टायर तापून दाब चढला, तर हवा सोडूं नये. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावरच वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुधा तासास ८० किलोमीटर.

शेवटीं मूळ मापाचेच, १०३ व्ही खुणेचे व रस्त्यासाठींच्या नक्षीचे चार टायर घेतले. दुकानांतच अलाइनमेंट व बॅलन्सिंग झालें. दाब मोजण्याचें काम मुलाकडे आलें. सुटी संपल्यावर त्यानें वही दाखविली. नागपुराहून निघतांनाचे आंकडे होते छत्तीस, छत्तीस, तेहेतीस, छत्तीस. तिसऱ्या चाकांतील तीन पौंड कोठें गेले याचा शोध अजून चालू आहे. व्हॉल्व्हवर साबणाचें पाणी लावून पाहा, असें मीं त्यास सांगितलें आहे.