शाळेतला कॉम्प्युटर कोणाच्या हाती?

आम्ही इंझोरीच्या, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. आज बोलायचं आहे शाळेतल्या कॉम्प्युटरबद्दल. तुम्ही म्हणाल, ते गुरुजींचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे. तो कोणाच्या हाती जातो आणि त्याबद्दल कोण ठरवतं, हा आपल्या लेकींचा प्रश्न आहे.

2019 ते 2021 मध्ये देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्यात शंभरातल्या 57 पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. बायका मात्र 33च. घरात मोबाइल एकच असला तर आधी बापाच्या हाती, मग पोराच्या. पोरीला मिळतो तो भांडी घासून झाल्यावर. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, शिकवणं मोबाइलवर आलं, तेव्हा हे सगळ्यांनाच दिसलं. म्हणून शाळेतला कॉम्प्युटर पोरींसाठी जास्त मोलाचा. पण एका कॉम्प्युटरपुढे चौघं बसली, तर माउस कोणाच्या हाती असतो? तेही पाहायला हवं.

नुसती पेटी आणून शिक्षण होत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड लावले. कोड मोबाइलने टिपला की धडा ऐकता-पाहता येतो. पुढे असे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले आणि 2020 मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तिथे यंत्रापेक्षा शिकवणारा माणूस मोठा ठरला. आणि विजेचं काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बिल थकून वीज तोडली, तर कॉम्प्युटर कपाटातच राहतो.

आता ठरवतं कोण? कॉम्प्युटर आला की फीत कापतात, फोटो काढतात. पुढचं मात्र आपल्या हाती आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातल्या कलम 21 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा कारभार पाहणं, आलेला पैसा कसा खर्च झाला यावर लक्ष ठेवणं, हे या समितीचं काम आहे. सरकारी शाळेत शाळा विकास आराखडाही हीच समिती करते. आपल्यातल्या कितीतरी जणी समितीत आहेत, पण सही करून घरी येतात. बायांनो, सही करण्याआधी विचारा:

कॉम्प्युटर किती आले, चालू किती? वीजबिल कोण भरतं? शिकवायला कोण आहे? पोरींना आठवड्यातून किती वेळ मिळतो? बिघडला तर दुरुस्ती कोण करतं?

उत्तर मिळालं नाही तर ग्रामसभेत विचारा. तिथेही नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे. 2005 च्या या कायद्याखाली साध्या कागदावर अर्ज करता येतो. आपल्या राज्यात त्याला 10 रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

एकटीने विचारलं तर उद्धट म्हणतील. गटाने मिळून विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की हे पाच प्रश्न वहीत उतरवून घ्या.