पाणी उतरते तेव्हा

लोणार सोडले तर वऱ्हाडात मोठे नैसर्गिक सरोवर नाही. इथले पाणपक्षी जगतात ते माणसाने ओलितासाठी आणि पिण्यासाठी अडवलेल्या पाण्यावर. म्हणून तिवस्याहून पक्षी पाहायला निघणाऱ्याने आधी कालव्याला पाणी सुटले का, याची चौकशी करावी. गव्हा-हरभऱ्याला पाणी लागले की जलाशय मागे सरकतो, काठचा चिखल उघडा पडतो आणि कोणता पक्षी कुठे बसणार हे त्या चिखलावर ठरते.

तिवस्याहून मोर्शीच्या बाजूने तासाभराच्या वाटेवर सिंभोरा आहे. तिथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे आणि त्यामागे नल-दमयंती सागर पसरला आहे. अमरावती शहर याच पाण्यावर जगते. धरणाच्या भिंतीकडे सगळे जातात, पण पक्ष्यांसाठी ती जागा बिनकामाची. पाणी तिथे खोल, काठ दगडी. बदकांना हवा असतो तो जलाशयाचा शेपटाकडचा भाग, जिथे लहान नाले येऊन मिळतात आणि पाणी गुडघ्याएवढे राहते. दुसरी अडचण उन्हाची. अमरावती जिल्ह्याच्या बाजूच्या काठावर उभे राहिले की सकाळचा सूर्य पाण्यापलीकडून थेट डोळ्यांत येतो आणि सगळी बदके काळी दिसू लागतात. सूर्य पाठीमागे येईल अशी खाडी आदल्या दिवशी शोधून ठेवावी, नाहीतर दुपार कलल्यावर जावे.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती १९८७ पासून चालू आहे. मोजणीला दोघे तरी लागतात: एक दुर्बिणीतून पाहून नाव आणि आकडा सांगणारा, दुसरा लिहिणारा. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवायचे आणि तेच माप थव्यावर पुढे सरकवत न्यायचे. चांदव्यांवर हे छान जमते. काळे अंग, कपाळावर पांढरी टिकली, आणि बसतात दाटीने. पण दलदली हारिण हा शिकारी पक्षी थव्यावरून एक फेरी मारून गेला की चांदवे पाण्यावर पाय आपटत धावत सुटतात, बदके उठतात आणि अर्धा तास केलेली मोजणी वाया जाते. तेव्हा पक्षी पुन्हा बसेपर्यंत थांबावे. अंदाजाने आकडा भरला तर वर्षावर्षांची तुलनाच खोटी पडते.

मोजता मोजता नजर अडकते ती थापट्यांवर. फावड्यासारखी पसरट चोच पाण्यात बुडवून पाच-सहा थापटे एकामागे एक गोल फिरत असतात. त्या फिरण्याने तळाचे बारीक जीव ढवळून वर येतात आणि चोचीच्या कडेच्या दातेरी चाळणीत अडकतात. प्रत्येक जण पुढच्याने ढवळलेले पाणी गाळत असतो. मान वर निघते तेव्हा नराचे डोके उन्हात हिरवे चमकते, की पुन्हा चोच पाण्यात. शेजारी तलवार बदके डोके खाली, शेपटी वर करून उभी. त्यांची मान लांब, म्हणून त्यांना जरा खोल पाणी चालते. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर त्याहून उथळात. टिलवे आणि छोटे कंठेरी चिलखे तर नुसत्या ओल्या चिखलावर पळतात. पाणी वीतभर उतरले की ही सगळी रचना तेवढीच पुढे सरकते.

हे पुस्तकापेक्षा जास्त जाळे टाकणाऱ्यांना ठाऊक असते. डोंग्यातून परतणाऱ्या एका भोयाने मला न विचारताच सांगितले, ‘‘इथं काय पाहून राहिले भाऊ? पाणी हातभर उतरलं. बदकं आता नाल्याच्या तोंडाशी बसून राहिले.’’ ती तिथेच होती.

पट्टकादंब मात्र पाण्यात कमी आणि काठच्या हिरवळीवर जास्त दिसतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे, पिवळी चोच. मंगोलिया-तिबेटकडच्या तळ्यांवर घरटी करणारे हे हंस हिमालय ओलांडून येतात. यंत्र लावलेल्या पक्ष्यांनी ७ हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. कोवळ्या हरभऱ्यात ते उतरले तर शेतकऱ्याचा जीव वर-खाली होणारच, आणि ती काळजी समजून घेतल्याशिवाय पक्ष्यांबद्दल त्याच्याशी बोलू नये.

सिंभोऱ्याखेरीज अमरावतीतले छत्री आणि वडाळी तलाव आहेत, चांदूर रेल्वेकडे मालखेडचा तलाव, अकोल्याजवळ कापशी आणि कुंभारी. तिवसा तालुक्यातच कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी नदीचे पक्षी भेटतात: पात्रावर घिरट्या घालणारा नदी सुरय, दगडावर धोबी, काठाला वंचक.

फेब्रुवारीनंतर पाहुणे परतू लागतात, आणि बहुतेक पक्षीनिरीक्षकही. मला तो काळच महत्त्वाचा वाटतो. पाणी आणखी उतरते, वाळूची बेटे उघडी पडतात आणि मार्च ते मे नदी सुरय उघड्या वाळूवरच अंडी घालतो. वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. गाळपेरीची लागवड, गुरे, कुत्री आणि वाळू नेणारी वाहने त्याच महिन्यांत तिथे पोचतात. शिवाय अवेळी पाणी सोडले तर बेट एका रात्रीत बुडते. जानेवारीतल्या मोजणीत यातले काहीच येत नाही. एप्रिलमध्ये, काठावरूनच आणि बेटावर पाय न ठेवता, या घरट्यांचीही दरवर्षी नोंद व्हायला हवी.