सांधेदुखी सगळी एकच नसते

सांधे दुखू लागले की आपल्याकडे निदान घरातच होऊन जाते: वात आलाय. मग एरंडेल सुरू होते, शेक दिला जातो, कुणी सांगितलेले तेल येते, ताटातली वांगी आणि बटाटे बंद होतात. यात सहा-आठ महिने सहज निघून जातात. काही दुखण्यांत तेवढ्याने फारसे बिघडत नाही. काहींत मात्र तेवढ्या काळात सांध्याचे हाड पोखरले जाते आणि ते पुन्हा भरून येत नाही. संधिवाताचे शंभरहून अधिक प्रकार आहेत. ते सगळे माहीत असण्याची गरज नाही, पण आपले दुखणे कोणत्या गटातले आहे हे वेळेत कळायलाच हवे.

भिगवणची पाहणी

१९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये लोकांची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे काही ना काही दुखणे होते. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास आढळला, तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. अर्धा टक्का म्हणजे किरकोळ वाटेल, पण हजार प्रौढांच्या गावात अशी पाच माणसे निघतात. आणि या आजारात पुरुषांपेक्षा बायकांचे प्रमाण दुप्पट-तिप्पट असते.

झिजेचा संधिवात

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता यांमुळे ते पातळ होते, खरबरीत होते. गुडघे आणि हाताच्या बोटांचे शेवटचे पेर हे याचे नेहमीचे ठिकाण. चालल्यावर, जिना उतरताना दुखते, बसल्यावर बरे वाटते. सकाळचा आखडलेपणा असला तरी अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

गुडघा झिजला म्हणून चालणे सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. मांडीचे पुढचे स्नायू बळकट असतील तर गुडघ्यावरचा ताण कमी होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, काही क्षण धरायचा, हळूच खाली आणायचा, एवढा साधा व्यायामही नेमाने केला तर फरक पडतो. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. एवढे करूनही रोजचे व्यवहार अडू लागले, रात्रीची झोप मोडू लागली, तर सांधेबदलाचा विचार करावा. केवळ एक्स-रे वाईट दिसतो म्हणून नव्हे.

शरीरच सांध्यावर उठते तेव्हा

ऱ्हुमॅटॉइड संधिवात बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो. रोगांशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारची कूर्चा व हाड खाऊ लागते. यामागे आनुवंशिकता असते, धूम्रपानाने धोका वाढतो. वांगी-बटाट्याने हा आजार होतो याला पुरावा नाही.

त्याची सुरुवात स्वयंपाकघरात ओळखू येते. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. बरणीचे झाकण फिरत नाही, कणीक मळवत नाही, कालपर्यंत सैल असलेली अंगठी निघत नाही. दोन्ही हातांची तीच बोटे, तीच मनगटे सुजलेली असतात. तासाभराने, कधी दुपारकडे, हात मोकळे होतात, आणि घरचे म्हणतात, आता तर बरी दिसतेस. हे वाक्य किती बायकांचे उपचार लांबवते! सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, बोटांची मुळे सुजली असतील आणि हे काही आठवडे चालले असेल, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नये. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होणे बहुतेकांत टाळता येते.

आठवड्यातून एकदाच

या आजाराचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. याची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकते. म्हणून वार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा आणि डबी भरणाऱ्या सुनेला किंवा मुलालाही तो माहीत असावा. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. ठरावीक काळाने रक्त आणि यकृताच्या तपासण्या होतात. गरोदरपणात हे औषध चालत नाही, त्यामुळे मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. एवढ्याने आटोक्यात न आल्यास बायॉलॉजिक इंजेक्शने असतात. ती महाग आहेत, आणि त्यांतल्या काहींनी शरीरात दडलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी करतात.

एकाच रिपोर्टवर विसंबू नये

आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे हा आजार झालाच असे नाही. निरोगी माणसांतही, विशेषतः उतारवयात, तो पॉझिटिव्ह येतो. उलट, आजार असलेल्या काहींत तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे. तरी सुजलेला सांधा दाबून पाहणारे डॉक्टर दोन्हींहून महत्त्वाचे.

मध्यरात्री ठणकणारा अंगठा

पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. हा गाऊट. रक्तात वाढलेल्या युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. पुरुषांत जास्त, स्त्रियांत बहुधा पाळी गेल्यावर. बिअर व इतर मद्य, मटण, गोड पेये यांनी तो बळावतो. डाळी आणि पालक यांना मात्र लोक विनाकारण दोष देतात. अ‍ॅलोप्युरिनॉलसारख्या औषधाने युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली राखले तर झटके थांबतात. दुखणे नसताना केवळ आकडा वाढलेला असेल तर बहुतेकांना औषध लागत नाही.

तरुणांची पाठ आणि चिकुनगुन्या

पंचविशी-तिशीतल्या मुलाला पहाटे कंबरदुखीने जाग येत असेल, हिंडल्या-फिरल्यावर बरे वाटत असेल, तर मणक्याचा संधिवात तपासायला हवा. सोरायसिस असणाऱ्यांनाही सांध्यांचा वेगळा आजार होतो. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी काहींत महिनोन्‌महिने रेंगाळते, पण बहुतेकांत हळूहळू ओसरते.

पुडीतले औषध

दोन दिवसांत सगळे दुखणे पळवणारी, नाव नसलेली पुडी मिळाली तर शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जावे.

त्याच दिवशी दवाखाना

एकच सांधा अचानक गरम होऊन सुजला, हलवता येईना आणि ताप असेल, तर आत पू झालेला असू शकतो. लहान मुलांत आणि मधुमेहींत विशेष जपावे. सुईने पाणी काढून तपासतात आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. इथे काही दिवसांच्या उशिरानेही सांधा कायमचा जाऊ शकतो. अशा सांध्याला मालिश करू नये.