कापलेला कान

वाळूजमधल्या आमच्या कंपनीच्या गेटवर एक कुत्री असते. तिचं नाव हजेरी. माणसं पंचिंग करून आत जाताना ती प्रत्येकाच्या डब्याची पिशवी हुंगते आणि मगच वाट सोडते, म्हणून सिक्युरिटीतल्या मामांनी ठेवलेलं नाव. रंग मळकट बदामी, शेपूट चकलीसारखी वळलेली, आणि डाव्या कानाच्या कडेला व्ही अक्षराची खाच. नवीन लागलेली पोरं ती खाच पाहून हळहळतात. ‘मामा, कुणी हो कापला बिचारीचा कान?’ मामा तंबाखू मळता मळता म्हणतात, ‘मी. म्हणजे पैसे मी गोळा केले.’

जुन्या एसटीत कंडक्टर चिमट्यानं तिकिटाला भोक पाडायचे. या खाचेचं काम तेच. तिकीट झालेलं आहे, पुन्हा मागू नका. कुत्रीची नसबंदी झाली आणि रेबीजची लस टोचली गेली, हे लांबूनच कळावं म्हणून ती केलेली असते. पट्टा बांधला तर तो तुटतो, नाहीतर गळ्यात रुततो. कातडीखालची चिप वाचायला यंत्र लागतं. कान मात्र रस्त्याच्या पलीकडूनही दिसतो. मेंढरांच्या कानाला खूण करायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तिथं ती मालकी सांगते, इथं मालक नसलेल्या जनावराची नोंद ठेवते. कुत्री भुलेखाली असतानाच कान कापतात आणि रक्त लगेच थांबवतात. खाच नसेल तर काय होतं? पुढच्या वर्षी तीच कुत्री पुन्हा पकडली जाते, टेबलावर येते, पोट उघडल्यावर कळतं की आत काढण्यासारखं काही उरलेलंच नाही. कानाचा तेवढा तुकडा गेला की पोटावरची दुसरी चीर वाचते.

ही खूण यायच्या आधीचा हिशोब वेगळा होता. 1832 सालच्या जूनमध्ये मुंबईच्या किल्ल्यात दंगल झाली, ती कुत्र्यांवरून. कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायला बक्षीस लावलं होतं, मारणारे घराघरांत शिरू लागले, आणि कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले. धर्माचा राग होता हे खरं. पण मारून काही साधत नाही, हे नंतरच्या दीड शतकानं प्रशासनालाही शिकवलं. गल्लीतली चार कुत्री नेली की उकिरडा तिथंच राहतो आणि शेजारच्या गल्लीतली चार येऊन बसतात. 1964 साली मद्रासच्या ब्ल्यू क्रॉसनं मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग सुचवला. देशभरासाठी नियम यायला 2001 उजाडलं, आणि मार्च 2023मध्ये ते नव्यानं आले. पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथंच सोडा. सगळ्यांच्या तोंडी याचं नाव एबीसी, म्हणजे अॅनिमल बर्थ कंट्रोल.

2019च्या पशुगणनेत देशात दीड कोटीच्या वर भटकी कुत्री मोजली गेली. त्यातली आपल्या वाळूजची किती, हे विचारू नका; पण ती इथं का आहेत हे ओअॅसिस चौकात पाच मिनिटं उभं राहिलं तरी समजतं. 1985मध्ये बजाजचा कारखाना आला, त्यामागून सुटे भाग करणाऱ्या कंपन्या आल्या, रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटीत खोल्या चढल्या. तीन शिफ्टची माणसं आली की तीन शिफ्टचं खाणं आलं: कॅन्टीनचं उष्टं, वडापावच्या गाड्या, चिकनची दुकानं. त्या खरकट्यावर जगणारं जनावर आपण बोलावलेलं आहे. ‘कुठून आली ही कुत्री’ असं आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये दर दिवाळीला कुणीतरी विचारतं, तेव्हा मी गप्प बसतो, कारण मीटिंगनंतरच्या नाश्त्याच्या प्लेटा त्याच कोपऱ्यात पडणार असतात.

दिवाळीलाच का, तेही सांगण्यासारखं आहे. भाद्रपद आणि कुत्री हे नातं मराठीत शिवीसारखं वापरतात, पण त्यात साधं पंचांग आहे. भाद्रपदात जुळणी, त्रेसष्ट दिवसांच्या आसपास गर्भ, म्हणजे पिल्लं येतात कार्तिकात. फटाके आणि सुरू होणारी थंडी, दोन्ही एकदम. हजेरीनं पाच वर्षांपूर्वी अशीच सहा पिल्लं स्क्रॅपयार्डातल्या लाकडी पॅलेटखाली घातली. दोन पार्व्होनं गेली: हगवणीत रक्त, आणि दोन दिवसांत खेळ संपला. एक फोर्कलिफ्टखाली आलं. उरलेल्या तिघांपैकी एक गंगापूरच्या शेतावर गेलं, एक लिंबेजळगावला, आणि एक माझ्या रिकाम्या डब्याच्या पिशवीतून घरी आलं. त्याचं नाव डब्या.

घरात कुत्रं आलं की घराचं टाइमटेबल त्याच्या हातात जातं. डब्याला पहाटे साडेपाचला बाहेर जायचं असतं; फर्स्ट शिफ्टच्या बसेस मोरे चौकात यायच्या आत तो मला फिरवून आणतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ओट्याशी हजर. त्याचा डोळा कांदेपोह्यांवर, आणि नेमकं तेच त्याला द्यायचं नाही. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य. हे आईला पटवायला मला सहा महिने लागले. ‘आमच्या गावाकडची कुत्री सगळं खायची’ हे तिचं उत्तर, आणि ती किती वर्षं जगायची हा माझा प्रश्न. पावसाळ्यात रोज संध्याकाळी गोचिड काढायची बैठक बसते. चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. बोटांत चिरडायची नाही. गोचिडीपासून येणारा ताप एकदा पाहिला की हे काम कंटाळवाणं वाटत नाही. लक्ष्मीपूजनाला तो दिवाणाखाली जातो, तो भाऊबीजेलाच बाहेर येतो.

डब्याकडे पट्टा आहे, लसीकरणाचं पुस्तक आहे, सोफ्यावर हक्काची जागा आहे. त्याच्या आईकडे होतं ते फक्त गेट. पुढच्या भाद्रपदाच्या आत तिचं ऑपरेशन करायचं असं मामांनी ठरवलं आणि त्यांची वर्गणी सुरू झाली. दहा-वीस रुपये, पगाराच्या दिवशी पन्नास.

पैसे सोपे निघाले, हद्द अवघड. आधी आम्ही फुकटात होतंय का ते पाहिलं. एका कार्यालयात सांगितलं, तो भाग आमचा नाही. दुसऱ्यानं तिसऱ्याचं नाव घेतलं. वाळूजचा नकाशा असा की रस्ता एमआयडीसीचा, त्याला लागून ग्रामपंचायत, पलीकडे सिडकोचं वाळूज महानगर, आणि महापालिका आणखी पुढे. हजेरी रात्रीतून या चारांपैकी तिघांच्या जागेत फिरून येते. नियम म्हणतात जबाबदारी स्थानिक संस्थेची. कुत्री विचारते, कुठल्या? शेवटी खासगी डॉक्टर ठरवले.

पकडणं ही कला आहे, आणि ती मला अजिबात येत नाही. जाळीवाला पहाटे आला, कारण तेव्हा रहदारी नसते आणि कुत्री आपापल्या ठरल्या जागी झोपलेली असतात. लांब दांडी, पुढे लोखंडी कडी, कडीला नायलॉनची पिशवीसारखी जाळी. तो सरळ तिच्याकडे गेलाच नाही. मोबाइलवर बोलत बोलत, दुसरीकडे बघत, अर्धा गोल घेऊन मागून आला. कडी जमिनीला टेकली आणि एका झटक्यात दांडी फिरली की जाळीचं तोंड बंद. आपण कुत्र्याच्या डोळ्यांत बघत, चुचकारत जातो. जाळीवाल्याच्या मते सगळा घोटाळा तिथंच होतो. घाबरलेल्या कुत्रीला रोखलेली नजर म्हणजे धमकी. त्यानं स्वतः रेबीजची लस आधीच घेऊन ठेवली होती. त्याची गाडी आली की आसपासच्या गल्ल्या भुंकायला लागतात. इंजिनाचा आवाज कुत्री विसरत नाहीत.

आणि मग मी माती केली. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं, भुलेत ओकारी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी रात्री पिंजऱ्यातून ती माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहत होती की मी अर्धी भाकरी आत सारली. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, मी खरं बोललो, आणि ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. मामा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

ऑपरेशन मी दारातून पाहिलं. उजव्या कुशीवरचे केस काढलेले, चीर माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठी नाही. त्यातून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय बाहेर. सरकारी योजनेत हे काढलेले अवयव जपून ठेवून मोजतात, कागदावरची संख्या त्यांच्याशी ताडतात. हिशोबाची ही रीत ऐकून आधी मला मळमळलं. मग वाटलं, बरंच आहे, कागदाला पोट नसतं. शेवटी कान. दोन सेकंद. पाच दिवस ठेवून घेऊन तिला त्याच गेटवर सोडलं. खाली उतरल्यावर तिनं पहिल्यांदा मामांची पिशवी हुंगली.

कुत्र्यांची बाजू घेणाऱ्यांनी चाव्याबद्दल गुळमुळीत बोलू नये असं माझं मत आहे. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा, ओरखडा काहीही असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच. मग घाटी रुग्णालय गाठायचं. पोटात चौदा इंजेक्शनं हे आता जुन्या लोकांच्या आठवणीत उरलंय. हल्ली दंडात, ठरलेल्या तारखांना, मोजके डोस. एका भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली गेली की आजाराची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे नुसती बिस्किटं टाकणारा अर्धंच काम करतो. जिच्या तोंडात रोज पारले जातं तिच्या कानाकडेही बघायला हवं.

ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीतली सगळी कुत्री शेल्टरमध्ये न्यायला सांगितलं, मग 22 तारखेला मोठ्या खंडपीठानं ते बदललं: नसबंदी आणि लस झाली की जागेवर सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी नको, खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागी. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनांतून कुत्री हलवून परत न सोडण्याचा आदेश आला. त्या दिवसांत गेटवर दोन तट पडले. एक जण म्हणाला, आता गाडी येऊन हजेरीलाही नेणार. मामांनी तिला जवळ ओढून कान वर धरला आणि म्हणाले, ‘वाच.’

पैठण आमच्याच जिल्ह्यात. संत एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट इथं शाळेत जायच्या आधी कळते. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला गर्दी लोटते तेव्हा वारकऱ्यांच्या पंगतीच्या कडेनं बसलेली कुत्री मी यंदा पाहत होतो. सवयीनं कान मोजले. अकरा कुत्री, तीन खाचा.

गेल्या आठवड्यात गेटवर एक नवीन आली. काळी, पाय पांढरे, जेमतेम वर्षाची. हजेरीनं दोन दिवस गुरकावून पाहिलं, तिसऱ्या दिवशी सावलीतली अर्धी जागा दिली. थर्ड शिफ्ट सुटताना मामा तिच्याकडे बघत उभे होते. दोन्ही कान अखंड. त्यांनी केबिनमधलं कॅलेंडर चाळलं, श्रावणाचं पान उलटलं, आणि ड्रॉवरमधून वर्गणीचा डबा काढून हजेरीच्या मशीनशेजारी ठेवला.