स्वस्त व्हीआर हेडसेटमध्ये काटछाट नेमकी कुठे होते?

एखादी वस्तू बरीच स्वस्त मिळू लागली की आपला पहिला संशय तिच्या ताकदीवर जातो. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस हा आभासी वास्तवाचा हेडसेट ऑक्टोबर २०२४ मध्ये ३०० डॉलरला बाजारात आला, तेव्हाही तसंच झालं. वर्षभर आधीचा क्वेस्ट ३ सुरुवातीला ५०० डॉलरचा होता. मग हा नवा हेडसेट मंद चालणार, खेळ अडखळणार, असं अनेकांनी गृहीत धरलं.

प्रत्यक्षात दोन्हींमध्ये एकच प्रोसेसर आहे, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २, आणि रॅमही सारखीच, ८ जीबी. हाताचे कंट्रोलरही तेच. उलट पडद्यावर बिंदू कमी असल्यामुळे या प्रोसेसरला काम थोडं हलकंच पडतं. काटछाट झाली आहे ती डोळ्यांपुढे, म्हणजे पडद्यात आणि भिंगांत. हेडसेट कोणासाठी चांगला आणि कोणासाठी नाही, हे तिथूनच ठरतं.

‘फुल एचडीपेक्षा जास्त बिंदू, म्हणजे टीव्हीपेक्षा स्पष्ट’

या आकड्याने फसगत होते. ३एसमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १८३२ × १९२० बिंदूंचा पडदा आहे. फुल एचडी टीव्हीवर १९२० × १०८०. कागदावर हेडसेट सरस दिसतो. पण टीव्ही आपल्या नजरेचा लहानसा भाग व्यापतो आणि हेडसेटचा पडदा आडवा सुमारे ९६ अंशांवर पसरतो. भागाकार केला तर एका अंशाला साधारण २० बिंदू मिळतात. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशात सुमारे ६० बिंदू वेगळे ओळखता येतात.

आता या हेडसेटमध्ये आभासी थिएटर उघडून सिनेमा लावा. समोरचा भव्य पडदा नजरेच्या ५० अंशांत मावला, तर त्याच्या वाट्याला आडवे जेमतेम हजार बिंदू येतात. आकार थिएटरचा मिळतो, बारकावा मात्र घरच्या टीव्हीपेक्षा कमी. ऑफिसचं काम, एक्सेलच्या तक्त्यातली बारीक अक्षरं, पानंच्या पानं वाचन यांसाठी मी हा हेडसेट कोणाला सुचवणार नाही. अक्षरं मोठी करून वाचता येतं, पण मग एका वेळी दिसतं ते थोडंच.

दुसरा फरक भिंगांचा. ३एसमध्ये फ्रेनेल भिंगं आहेत. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी घडवलेली ही युक्ती: जाड भिंगाची वक्रता वर्तुळाकार पायऱ्यांत कापून ते पातळ करायचं. भिंग हलकं आणि स्वस्त होतं, प्रकाशही फारसा वाया जात नाही. पण त्या पायऱ्यांच्या कडांवरून प्रकाश विखुरतो. सिनेमा संपून काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतली श्रेयनामावली सुरू झाली की हे लख्ख दिसतं: प्रत्येक अक्षरामागे धूसर उजेडाची शेपटी, आणि डोकं किंचित हललं की तीही सरकते. शिवाय चित्र मध्यभागी धारदार आणि कडेला पुसट असतं, त्यामुळे बाजूचं बघायला नजर फिरवून भागत नाही, मान वळवावी लागते. क्वेस्ट ३ ची पॅनकेक भिंगं प्रकाशाला आतल्या आत परतवून लांबचा रस्ता थोड्या जागेत बसवतात. त्यांतून कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. जादा किंमत मुख्यतः याची आहे.

उजळ, हलत्या खेळात मात्र हा फरक पटकन विसरायला होतो. ‘बीट सेबर’मध्ये अंगावर येणारे ठोकळे तालात कापताना अक्षरांच्या कडा कोणी पाहत नाही. हा हेडसेट अशा वापरासाठी बनला आहे आणि तिथे तो खरोखर चांगला आहे.

‘पडदा डोळ्यांजवळ, म्हणून दूरचा चष्मा नको’

पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला, तरी मधली भिंगं त्याची प्रतिमा साधारण सव्वा मीटर लांब नेतात. डोळ्याला फोकस तिथे करावा लागतो, समोर डोंगर दिसत असो की तळहातावरचं फुलपाखरू. म्हणून उणे अर्ध्या नंबरचा माणूस चष्म्याविना निभावून नेईल, पण उणे तीनवाल्याला सगळं धूसर दिसेल. त्याने चष्मा लावूनच हेडसेट चढवावा, किंवा आत बसणारी नंबरची भिंगं करून घ्यावीत. हा दुसरा उपाय बरा, कारण चष्म्याच्या काचेने हेडसेटचं भिंग घासलं तर ओरखडा कायमचा राहतो. उलट, चाळिशीनंतर ज्यांना फक्त वाचायला चष्मा लागतो, त्यांना सहसा आत त्याची गरज पडत नाही. घरातल्या आजी-आजोबांच्या हाती हेडसेट देताना हे लक्षात असू द्या. वाचायचा चष्मा लावून बसल्यावर त्यांना अस्पष्ट दिसेल आणि ते ‘आम्हाला नाही जमत’ म्हणून उतरवून ठेवतील.

दोन बाहुल्यांमधलं अंतर ही आणखी एक अडचण. ३एसमध्ये भिंगांना तीनच जागा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. बहुतेक प्रौढांना यांतली एखादी जुळते. ज्यांचं अंतर या पल्ल्याबाहेर आहे त्यांना डोळ्यांवर ताण जाणवू शकतो. पैसे मोजण्याआधी चष्म्याच्या दुकानात हे अंतर मोजून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

‘व्हीआरमध्ये सगळ्यांनाच मळमळतं’

मळमळ खरी आहे, पण ती कशाने होते ते कळलं की बरीच टाळता येते. डोळे सांगतात आपण पुढे धावतोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण जागेवरच आहोत. या भांडणातून घाम, मळमळ, डोकेदुखी. जुने, फोन अडकवायचे खोके मानेचं फक्त वळणं ओळखत. तुम्ही वाकलात किंवा पाऊल टाकलंत तरी चित्र जिथल्या तिथे राही, म्हणून त्यांत त्रास जास्त व्हायचा. आजचा हेडसेट अंगावरच्या कॅमेऱ्यांनी खोली पाहत राहतो आणि तुमचं वाकणं, सरकणं, उठणं सगळं चित्रात उतरवतो. त्यामुळे जिथे तुमचं शरीर हलतं तेवढंच दृश्य हलतं, अशा खेळांत बहुतेकांना काही होत नाही.

आणि तरीही आपल्याकडे नव्या माणसाला हेडसेट घातला की पहिल्यांदा रोलरकोस्टर लावतात! खुर्चीत बसलेल्या माणसाला डोळ्यांनी दरीत ढकलायचं, हा मळमळ आणण्याचा हमखास मार्ग आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तो माणूस पुन्हा हेडसेटला हात लावत नाही. सुरुवात उभ्या जागी खेळायच्या खेळाने करा, दहा मिनिटांत थांबा. मळमळ जाणवली की त्याच क्षणी काढा. सहन करत राहिल्याने सवय होत नाही, धास्ती बसते.

‘स्वतंत्र आहे, म्हणजे आणखी काहीच लागत नाही’

संगणक लागत नाही हे खरं. पण सुरुवातीच्या मांडणीला स्मार्टफोन, वाय-फाय आणि मेटाचं खातं लागतं. पूर्वी, जुन्या क्वेस्ट २ हेडसेटसाठी फेसबुकचं खातंच हवं असे, ती अट ऑगस्ट २०२२ पासून गेली. ‘हाफ-लाइफ: अलिक्स’सारखे संगणकासाठी बनवलेले जड खेळ हेडसेटमध्ये स्वतंत्रपणे चालत नाहीत. त्यांना तगडं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आणि केबल किंवा वेगवान वाय-फाय हवं.

किंमत इतकी कमी कशी, याचं उत्तरही वेगळे विकत घ्याव्या लागणाऱ्या खेळांतच आहे. या कंपनीच्या रिॲलिटी लॅब्स विभागाला एकट्या २०२४ मध्ये १७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. हेडसेट स्वस्त देऊन लोक जोडायचे आणि मेटाच्या ऑनलाइन दुकानातल्या प्रत्येक विक्रीतून वाटा घ्यायचा, असा हिशोब आहे. हेडसेटच्या किमतीत खेळांचे पैसे धरले नाहीत तर अंदाजपत्रक चुकणारच. आणि घरात कॅमेरे लावलेली वस्तू आणतोय हे विसरू नये. खासगीपणाच्या सेटिंग पहिल्याच दिवशी नीट वाचाव्यात.

जागा म्हणाल तर उभ्याने खेळायला साधारण दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद मोकळी फरशी. हेडसेट खोलीत सीमारेषा आखून देतो आणि जवळ गेलात की आभासी जाळी दाखवतो. पण ती रेषा जमिनीवरच्या हद्दीची असते, डोक्यावरच्या पंख्याची नाही. आपल्या घरांत छत बेताच्या उंचीचं आणि पंखा खोलीच्या बरोबर मध्यावर. हात वर उसळणारा खेळ असेल तर पंखा बंद करूनच खेळा.

बॅटरी सरासरी अडीच तास पुरते. माझ्या मते ही उणीव नाही, कारण अर्ध्या किलोहून अधिक वजन गालांवर पेलत तेवढा वेळ कोणी बसत नाही. सोबत येणारा कापडी पट्टा मात्र साधाच आहे. मागून आधार देणारा वेगळा पट्टा घेतलात तर फरक लगेच कळतो.

मुलांच्या बाबतीत कंपनीची अट किमान १० वर्षांची आहे, आणि १० ते १२ वयोगटासाठी पालकांच्या देखरेखीखालचं खातं लागतं. लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर भिंगांच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षाही कमी असतं, त्यामुळे ही अट कागदापुरती समजू नका.

‘जुना क्वेस्ट २ घेतला तरी तेच’

पडद्याचे बिंदू तेवढेच, भिंगं त्याच जातीची, म्हणून हा समज पसरला आहे. पण क्वेस्ट २ हा २०२० चा, त्याचा प्रोसेसर एक पिढी जुना, आणि बाहेरची खोली तो करड्या, धूसर चित्रात दाखवतो. ३एसमध्ये ती रंगीत दिसते. नवे खेळही त्याला सोडून पुढे चालले आहेत: ‘बॅटमॅन: अर्कम शॅडो’ फक्त क्वेस्ट ३ आणि ३एसवर चालतो.

तरी सेकंडहँड घ्यायचाच असेल, कुठलाही, तर एक तपासणी चुकवू नका. ही भिंगं उन्हात ठेवली तर सूर्यकिरण एकवटून आतला पडदा जाळतात. त्यासाठी खिडकीतलं थोड्या वेळाचं ऊनही पुरतं. एखादं पांढरंशुभ्र पान उघडा, एकेक डोळा मिटून पाहा. पिवळसर ठिपका किंवा रेघ दिसली आणि नजर फिरवली तरी ती जागची हलली नाही, तर तो डाग पडद्यावरचा आहे. पुसून किंवा अपडेट करून तो जाणार नाही.